बाहेरच्या पेटीतला पंखा

घराच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी चौकटीत बसवलेली पांढरी पेटी तुम्ही पाहिली असेल. शहरात तर एकेका इमारतीला अशा वीस-वीस पेट्या लटकलेल्या दिसतात. पेटीला पुढून गोल जाळी असते. जाळीच्या आत पंखा फिरतो. हा पंखा कोणाला वारा घालण्यासाठी नाही. त्याच्यापुढे उभे राहिले तर तोंडावर गरम झोत येतो. खोलीत बसलेल्याला गारवा आणि रस्त्याने जाणाऱ्याला झळ, असा हा एसीचा व्यवहार आहे.

आजचा धडा या पंख्याच्या मोटरीविषयी आहे. ती बिघडली हे कसे ओळखावे, ती कशी बदलावी, तिच्या तारा कुठे जोडाव्या, हे आपण पाहू. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणारी काही मंडळी एसी दुरुस्तीच्या धंद्यात मदतनीस आहेत. ते हत्यारांची पिशवी उचलतात, शिडी धरतात आणि मिस्त्रीचे हात पाहून काम शिकतात. पाहून पुष्कळ शिकता येतं. पण मोटरीच्या अंगावर जी चिठ्ठी चिकटवलेली असते, ती मात्र वाचावीच लागते. हा धडा मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिला आहे. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनीही तो वाचावा. दुरुस्तीवाला काय करतो आहे आणि पैसे कशाचे मागतो आहे, ते त्यांना कळेल.

पंखा थांबला तर

खोलीतली उष्णता गॅसबरोबर नळीतून बाहेरच्या पेटीत येते. पेटीत वळणावळणाच्या नळ्या असतात आणि त्या नळ्यांवर पातळ पत्र्याच्या दाट पट्ट्या असतात. गरम गॅस नळ्यांतून जातो. पंखा बाहेरची हवा त्या पट्ट्यांमधून ओढून घेतो आणि तापलेली हवा पुढे फेकतो.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.२ किलोवॉट उष्णता काढते. (टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याच्या शक्तीला एक टन म्हणतात. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातला हा हिशेब अजून चालू आहे.) यंत्र स्वतः जी वीज खाते तिचीही उष्णताच होते. सगळे मिळून आकडा साडेसहा किलोवॉटच्या घरात जातो. घरातली साधी इस्त्री १ किलोवॉटची असते. म्हणजे सहा-सात तापलेल्या इस्त्र्या त्या पेटीत ठेवल्या आहेत असे समजा. ती सगळी धग एकट्या पंख्याने बाहेर घालवायची असते.

पंखा थांबला की धग आतच कोंडते. गॅसचा दाब चढतो. गॅस दाबणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, भयंकर तापतो. फार तापल्यावर त्याची वीज आपोआप तुटावी अशी सोय असते. तो निवतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा तापतो. घरातली माणसं म्हणतात, "एसी मध्येच गार हवा देतो, मध्येच नुसता वारा." असे आठ-पंधरा दिवस चालू दिले, तर एखाद्या दिवशी कॉम्प्रेसरच जळतो. यंत्रातला सर्वांत महाग भाग तोच. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे त्याला पंधरा दिवससुद्धा लागायचे नाहीत. म्हणून पंखा फिरत नाही असे दिसले की यंत्र बंद करावे. एवढे काम घरातल्या कोणालाही करता येते.

हात घालण्याआधी

रिमोटने बंद केलेले यंत्र खऱ्या अर्थाने बंद नसते. त्याच्यात वीज येतच असते. भिंतीवरचे बटण बंद केले तरी भागत नाही. बटण एकच तार तोडते, आणि कोणी आधी फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडली असेल, तर फेज बाहेरच्या पेटीपर्यंत तशीच जिवंत राहते. म्हणून एसीचा एमसीबी खाली पाडायचा. प्लग असेल तर तोही काढायचा. मग बोर्डावर कागद चिकटवायचा: "बाहेर माणूस काम करतो आहे. हात लावू नये." शक्य असेल तर बोर्डापाशी एक माणूस उभा करावा. एक जण बाहेर तारा सोडवतो आहे आणि आत कोणाला उकडतंय म्हणून त्याने एमसीबी वर केला, असे प्रकार घडतात.

यानंतर पेटीच्या बाजूचे झाकण काढावे आणि जिथे तारा येतात त्या पट्टीवर मीटरने वीज तपासावी. दोन्ही तारांमध्ये तपासा, आणि प्रत्येक तार व अर्थिंग यांच्यामध्येही तपासा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर जीव टांगू नये. टेस्टरचा दिवा गेलेला असेल तर तो वीज असतानाही लागत नाही.

वीज बंद झाली. आता तरी हात घालावा का? अजून नाही.

पेटीत एक उभा डबा असतो. तो पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा, गोल किंवा लांबट असतो. त्याचे नाव कपॅसिटर. तो वीज साठवतो. नळाचे पाणी बंद झाले तरी माठातले पाणी माठात राहते, तशी वीज बंद केल्यावरही याच्यातली वीज याच्यात राहू शकते. मोटरीचे वाइंडिंग धड असेल तर साठा बहुधा त्यातून निचरून जातो. वाइंडिंग तुटले असेल तर तो तसाच राहतो. आपण तर बिघडलेल्याच यंत्राला हात घालणार आहोत. तेव्हा साठा आहे असेच धरून चालावे. त्याचा झटका जबरदस्त असतो. आणि चौथ्या मजल्यावर कठड्याबाहेर वाकलेल्या माणसाला लहान झटकासुद्धा पुरतो. हात दचकून मागे येतो आणि तोल जातो.

साठा काढण्याची रीत अशी. २० हजार ओहमचा, ५ वॉटचा रोधक घ्यावा. तो रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच्या दोन टोकांना प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या चिमट्याच्या तारा लावाव्या. हे चिमटे कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून दहा सेकंद धरावे. मग मीटरने तपासावे. व्होल्ट शून्यावर आले की मगच हात लावावा. पुष्कळ मिस्त्री दोन टोकांवर पेचकस आडवा टाकतात. फट्कन ठिणगी उडते आणि पाहणाऱ्यांना मौज वाटते. ही खोड वाईट आहे. कपॅसिटर खराब होतो, डोळ्याला इजा होते, आणि हल्लीच्या काही यंत्रांत पेट घेणारा गॅस असतो.

एक गोष्ट उंचीबद्दल. पेटी जमिनीवर किंवा गच्चीवर असेल तर ठीक. ती बाहेरच्या भिंतीवर लटकलेली असेल तर कमरेला आणि खांद्यांना धरणारा पट्टा हवाच, आणि त्याची दोरी इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेली हवी. खिडकीच्या गजाला नव्हे, आणि पेटीच्या गंजलेल्या चौकटीला तर नव्हेच. मालक घाई करतो, मिस्त्री म्हणतो "पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांसाठीसुद्धा पट्टा मागून घ्या. मागायला लाजू नका.

मोटर गेली की दुसरे काही

पंखा फिरत नाही म्हणजे मोटर गेली, असे लगेच म्हणू नये. आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांच्या एसीचा पंखा थांबला. दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणी मोटर जळाल्याचे सांगितले, नवी मोटर बसवली, आणि वर गॅस भरल्याचेही पैसे लावले. जुनी मोटर बाईंनी ठेवून घेतली होती. पुढे आमच्या वर्गातल्या एका कसलेल्या कारागिराने ती टेबलावर ठेवून नवा कपॅसिटर लावला, तर ती गरगरा फिरली. गेला होता तो कपॅसिटर. आणि गॅसचे म्हणाल तर पंख्याची मोटर बदलताना गॅसच्या नळीला हातसुद्धा लावावा लागत नाही. मोटरीसाठी गॅस काढावा लागेल असे कोणी म्हणाले, तर का ते विचारा.

तपासण्याचा क्रम असा ठेवावा. वीज बंद करून आणि साठा काढून पाती हाताने फिरवा. ती सहज फिरून हळूहळू थांबली पाहिजेत. अडकत असतील, खरखरत असतील किंवा दांडा डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेले. पाती मोकळी फिरतात, पण वीज दिल्यावर मोटर नुसती घूं-घूं करते आणि हलत नाही, तर आधी कपॅसिटरवर संशय घ्यावा. डब्याचे डोके फुगले असेल किंवा तेल पाझरले असेल तर प्रश्नच नाही. तसे दिसत नसेल तर मीटरने मोजा. डब्यावर आकडा छापलेला असतो, जसे २.५ किंवा ४ मायक्रोफॅरड. पुढे अधिक-उणे ५ टक्के असे लिहिलेले असते. मोजलेला आकडा त्या मर्यादेच्या खाली गेला असेल तर डबा बदलावा.

इथे शब्दांचा एक घोटाळा सांगून ठेवतो. बाजारात कपॅसिटरला पुष्कळ जण कंडेन्सर म्हणतात. एसीच्या धंद्यात त्या नळ्यांच्या जाळीलाही कंडेन्सरच म्हणतात. "कंडेन्सर गेला" असे ऐकले की कोणता, ते विचारून घ्या. एक शे-दोनशे रुपयांत येतो आणि दुसरा हजारांत जातो.

कपॅसिटर चांगला निघाला तर मोटरीच्या तारा सोडवून मीटरने ओहम मोजा. तीन तारांपैकी कोणत्याही दोन घेतल्या तरी काही ना काही आकडा आला पाहिजे. कुठेच आकडा येत नसेल तर वाइंडिंग तुटले असेल, किंवा मोटर तापून आतली तापबंदी उघडली असेल. तासभर निवू द्या आणि पुन्हा मोजा. शेवटी प्रत्येक तार आणि मोटरीचे धातूचे अंग यांच्यामध्ये मोजा. इथे आकडा येता कामा नये. आला तर मोटरीची वीज अंगावर उतरली आहे. ती मोटर पुन्हा लावू नये.

नवी मोटर

दुकानात जाताना जुनी मोटर बरोबर न्यावी. तिच्या चिठ्ठीवरचे आकडे आधी कागदावर उतरून घ्या. व्होल्ट २२० ते २४०, ५० हर्ट्झ. मग वॉट किंवा हॉर्सपॉवर, मिनिटाला फेरे, कपॅसिटरचा आकडा. हे सगळे जुळले पाहिजे. कपॅसिटर मोटरीबरोबर नवा घ्यावा आणि त्याचा आकडा नव्या मोटरीवर लिहिला असेल तोच असावा. "मोठा घाला, पंखा जोरात फिरेल," असे सांगणारे भेटतात. तसे होत नाही. मोटर तापते आणि लवकर जळते. डब्यावरचे व्होल्ट मात्र जुन्याइतके किंवा जास्त चालतील. ते बहुधा ४४० असतात. दांड्याची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा हीदेखील पाहावी लागते.

जुनी मोटर काढण्यापूर्वी तारांचा फोटो काढा. आज सर्वांच्या खिशात फोन असतो. शिवाय कागदावरही लिहा: लाल कुठे, काळी कुठे, पांढरी कुठे. फोटोत सावलीतला निळा रंग काळा दिसतो, कागदावर लिहिलेला निळा निळाच राहतो.

पुढची जाळी काढल्यावर पात्यांच्या मधोमध नट दिसेल. अनेक यंत्रांत या नटाचे आटे उलटे असतात. नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवले तर तो आणखी घट्ट होतो. आटे कसे आहेत ते आधी न्याहाळा, मग पाना लावा. नवीन मदतनीस इथे जोर करून पाती फोडतात. पाती गंजाने दांड्याला धरून बसली असतील तर तेल सोडून थोडा वेळ थांबा, हातोडी मारू नका. पात्याला टवका उडाला की तोल जातो आणि नवी मोटरही थोड्या दिवसांत खरखरू लागते.

मोटर चार नटांनी बसवलेली असते. नवी बसवताना तारांचे तोंड खालच्या बाजूला येईल असे पाहा आणि तारेला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून मोटरीत शिरणार नाही. आपल्या कोकणातल्या पावसात हे विसरून चालत नाही. पाती बसवल्यावर हाताने एक पूर्ण फेरा देऊन ती कुठे घासत नाहीत ना, ते बघा.

तारांची जोडणी

आधी एक पक्के समजून घ्या. इन्व्हर्टर एसी असेल तर पुढचे काही त्याला लागू नाही. त्याच्या पंख्याची मोटर बहुधा वेगळ्या जातीची असते. तिला पाच तारांचा एक खटका असतो आणि ती ३०० व्होल्टच्या आसपासच्या एकदिश विजेवर चालते. बोर्डावरचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटे भरलेले असतात. चालू विजेत तो खटका ओढला किंवा लावला, तर मोटर आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. ते काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे.

आता साधी, तीन तारांची मोटर. तिच्यात दोन वाइंडिंग असतात, एक मुख्य आणि एक सुरुवातीचे. दोन्हींचे एकेक टोक आतच एकत्र जोडलेले असते. ती सामाईक तार. उरलेली दोन टोके बाहेर वेगळी येतात. मोटरीवर नकाशा छापलेला असेल तर तोच खरा. रंगांवर भरवसा ठेवू नये, कारण प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. नकाशा पुसला असेल तर मीटरने शोधावे. समजा, लाल आणि काळी यांच्यात १५० ओहम आले, काळी आणि पांढरी यांच्यात २००, आणि लाल-पांढरीत ३५०. सर्वांत मोठा आकडा लाल-पांढरीचा. त्यात नसलेली काळी, ती सामाईक. सामाईकशी कमी आकडा देणारी लाल, ती मुख्य. जास्त देणारी पांढरी, ती सुरुवातीची. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. पाटीवर दोन-तीनदा मांडून पाहा, म्हणजे मनात बसेल.

जोडणी अशी. न्यूट्रल सामाईक तारेला. फेज मुख्य तारेला. फेजच्याच टोकावरून एक तार कपॅसिटरच्या एका बाजूला. कपॅसिटरच्या दुसऱ्या बाजूवरून सुरुवातीच्या तारेला. हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार मोटरीच्या किंवा पेटीच्या धातूला घट्ट. ही तार "उगाच आहे" म्हणून कापणारे आम्ही ऐकले आहेत. पेटीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत नेणारी तार हीच.

काही पेट्यांत पंखा आणि कॉम्प्रेसर यांचा मिळून एकच डबा असतो. त्याला तीन ठिकाणी पत्र्याच्या जिभा असतात आणि त्यांच्यापाशी इंग्रजीत सी, फॅन आणि हर्म असे लिहिलेले असते. सी म्हणजे सामाईक, तिथे फेज. (डब्याची सामाईक जीभ वेगळी आणि मोटरीची सामाईक तार वेगळी, ती गफलत होऊ देऊ नका.) फॅन म्हणजे पंख्याची सुरुवातीची तार. हर्म म्हणजे कॉम्प्रेसरची. पंख्याची तार चुकून हर्मवर लावली तर अडीच-तीनच्या जागी तीस-पस्तीसचा कपॅसिटर मोटरीला मिळतो आणि नवी कोरी मोटर धूर सोडते. इंग्रजीची एवढी अक्षरे तरी ओळखायला शिकून घ्या. या डब्याचा साठा काढताना सी-फॅन आणि सी-हर्म असा दोनदा काढावा लागतो.

मोटरीला चार किंवा अधिक तारा असतील तर नकाशावाचून हात लावू नये.

जोड नुसते पीळ देऊन पट्टी गुंडाळलेले नकोत. तारेला लग दाबून बसवावी आणि ती जिभेवर घट्ट सरकवावी. ढिला जोड तापतो, काळा पडतो आणि तिथूनच पुढचा बिघाड सुरू होतो.

चालवून पाहणे

झाकण आणि जाळी लावल्यावरच एमसीबी वर करा. यंत्र सुरू केल्यावर कॉम्प्रेसरला चालू व्हायला तीनेक मिनिटे लागतात, घाबरू नका. पंखा फिरू लागला की जाळीपुढे हात धरा. हवा बाहेर, आपल्या अंगावर आली पाहिजे. पंखा फिरतो आहे पण झोत मंद आहे आणि हवा आत ओढली जाते आहे, तर तो उलटा फिरतो आहे. मुख्य आणि सुरुवातीची तार यांची अदलाबदल झाली असेल, किंवा उलट्या दिशेची मोटर आणली असेल. पंखा फिरतो ना, मग झाले, असे म्हणून निघून जाऊ नये. उलटा पंखा धग पुरती बाहेर घालवत नाही, आणि कॉम्प्रेसरचे हाल तेच होतात. वीज बंद करून, साठा काढून जोडणी पुन्हा तपासा.

दहा-पंधरा मिनिटांनी झोत चांगला गरम लागला, आवाज एकसारखा आला आणि पेटी थरथरत नसली, म्हणजे काम जमले. जुनी मोटर आणि जुना कपॅसिटर घरमालकाच्या हातात द्या. मग एका कागदावर तारीख, कपॅसिटरचा आकडा आणि कोणत्या रंगाची तार कुठे लावली ते ठळक अक्षरांत लिहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला, तारांपासून दूर चिकटवा. दोन-चार वर्षांनी जो कोणी ते झाकण उघडेल, त्याला तो वाचता येईल.